धाकटीची अकरा मिनिटं

धाकटी येईपर्यंत थोरली ही थोरली नव्हतीच. प्रयोगशाळेत तिला सगळे नुसतं ताई म्हणायचे, आणि ताई अशी हाक आली की दुसऱ्या कोणाला मान वर करायचं कारण नसायचं. मग दिराचं लग्न झालं, जाऊ घरात आली आणि दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत कामालाही लागली. दोघी जावा एकाच दारातून आत येताना पाहून कोणीतरी गमतीनं थोरली-धाकटी म्हणालं, आणि ते जे चिकटलं ते निघेचना. धाकटीचं काय, तिला एक नाव जास्तीचं मिळालं. थोरलीचं मात्र होतं तेही गेलं. एकट्या माणसाला कोणी थोरलं म्हणत नाही, मागून कोणी आलं की म्हणतात.

बरं, धाकटीला त्या नोकरीला लावलं कोणी? हिनंच. सासूबाई म्हणाल्या, "घरात बसून तिचं डोकं गंजेल गं, तुझ्याकडे बघ काही असेल तर." थोरलीला वाटलं, हाताखाली एक हक्काचं माणूस होईल, स्टुलं हलवील, कागद आणून देईल. तिनं स्वतः जाऊन शब्द टाकला. पुढं चार वर्षं तिनं त्या शब्दाला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या सख्ख्या नवऱ्यालाही घातल्या नसतील.

थोरलीचं काम म्हणजे आरसे लावणं. हे आरसे कोटाच्या बटणाएवढे. असे दोन आरसे समोरासमोर ठेवायचे, मधे बोटभर लांबीचा एक स्फटिक ठेवायचा. स्फटिकात ऊर्जा भरली की त्यातून प्रकाश निघतो, या आरशावरून त्या आरशावर हजारदा जातो-येतो, दर फेरीला फुगतो, आणि एका आरशातून अगदी बारीक रेघ होऊन बाहेर पडतो. तोच लेझर. त्या आरशांच्या जोडीला तिथे रेझोनेटर म्हणत. दोन्ही आरसे एकमेकांकडे इतके नेमके बघायला हवेत की केसभर तोंड फिरवलं तरी सगळा अंधार. प्रत्येक आरशाच्या पाठीला दोन स्क्रू असतात. विद्यापीठातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेले लोक ते स्क्रू अर्धा-अर्धा दिवस पिळत बसायचे. थोरलीला वीस मिनिटं लागायची.

आणि ही शिकली कुठे? तर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथे ती काचा घासायची. तिचा हात आणि नजर पाहून प्रयोगशाळेच्या बाईंनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, तिला उचलून आणली होती. त्याला बावीस वर्षं झाली. आरसा उघडा असताना तिच्या खोलीत कोणी बोलायचं नाही. पुसायचा कागद एकदा एका दिशेनं फिरवला की टाकून द्यायचा. एका पाहुण्या प्राध्यापकांनी आरशाजवळ तोंड नेलं, तर ती त्यांना म्हणाली होती, "साहेब, तुमचा श्वास तुमच्यापाशी ठेवा." प्राध्यापक तेव्हापासून त्या खोलीत यायचे ते दाराशी उभं राहूनच बोलायचे.

कामाला लागली त्या वर्षी तिनं बाईंना विचारलं होतं की एवढं करूनही लेझरचा रंग किंचित थरथरतो, पडद्यावर ती खरखर दिसते, ती कशाची? बाईंचा चष्मा नेहमीप्रमाणे डोक्यावर होता आणि हात तो शोधत खिशात.

"स्फटिकातले अणू आपण वर चढवून ठेवलेले असतात, ताई," बाई म्हणाल्या. "जवळून प्रकाश गेला की त्याच्या हाकेला ओ देऊन ते आपला प्रकाश सोडतात, अगदी त्याच्या पावलावर पाऊल टाकून. पण काही आगाऊ असतात. कोणी बोलावलेलं नसतं, तरी मधेच सोडून मोकळे होतात. त्यांचं पाऊल कोणाशीच जुळत नाही. हा आगंतुक प्रकाश. ती खरखर त्याची."

"मग त्यांना गप्प नाही का करता येत?"

"नाही. आरसे उत्तम लावले, आत फिरणारा प्रकाश वाया जाऊ दिला नाही, तर त्यांचा त्रास कमी होतो. पण शून्य कधीच नाही. शेवटी जी खरखर उरते तिला आपण तळ म्हणू. त्या तळाखाली मीही जाऊ शकत नाही."

दुसऱ्या कोणी ते ऐकून सोडून दिलं असतं. थोरलीनं मनाला लावून घेतलं. तळ गाठायचा, हे तिचं एक वेड होऊन बसलं. आरसे मांडलेल्या आपल्या जुन्या टेबलावर बावीस वर्षं खपून ती तळाच्या दुप्पट खरखरीपर्यंत खाली आली होती आणि तिथून पुढं काही सरकत नव्हती. नोंदवहीत रोजचा आकडा ती स्वतःच्या अक्षरात लिहायची. बावीस वर्षांच्या त्या वह्यांत कुठे खाडाखोड नाही, हे तिचं बोलता बोलता ओळखीच्या सगळ्यांना सांगून झालेलं होतं.

अशा बाईच्या हाताखाली धाकटी आली. थोरलीनं तिला सगळं शिकवलं. काही हातचं राखून ठेवलं असतं तर पुढचं दुखणं टळलं असतं, पण शिकवताना तिला राखता यायचं नाही, तो तिचा गुण म्हणा की खोड. आरसा कसा धरायचा, स्क्रू कसा श्वासाच्या मापानं फिरवायचा, आणि पापणी कशी वापरायची. पापणी म्हणजे पातळ पात्यांची एक चकती, कॅमेऱ्याच्या भिंगामागे असते तशी मिटणारी-उघडणारी. ती आरशांच्या मधोमध बसवायची, मिटून मोहरीएवढं भोक ठेवायचं, आणि प्रकाश त्या भोकातूनच जातोय ना ते बघत आरसे लावायचे. आरसे लागले की खालची दांडी सरकवून पापणी सताड उघडायची. उघडली की थोरली तोंडानं म्हणायची, "पापणी उघडली." नाहीतर विसरायला होतं, आणि अर्धा प्रकाश पात्यांवरच आपटून मरतो.

धाकटी सगळं मान डोलावून शिकली. वर्षभरात तिचा हात थोरलीच्या हाताइतका स्थिर झाला. दोन वर्षांत बाई आलेखाचे कागद थोरलीच्या टेबलावरून उचलून धाकटीपुढे धरायला लागल्या, कारण धाकटी नुसता आकडा लिहून थांबायची नाही, हा आकडा असा का, असं विचारायची. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

तसं घरीही काही कमी नव्हतं. खाली थोरली, वरच्या मजल्यावर धाकटी, मधल्या जिन्यावर सासूबाई. सासूबाईंचं औषध बावीस वर्षं थोरलीनं वेळेवर दिलं, त्यात काय विशेष. धाकटीनं एकदा त्यांची चष्म्याची काडी बसवून दिली, तर ती गोष्ट गल्लीतल्या सगळ्या दारांवरून फिरून आली. आणि चष्म्याचं काम कोणाचं? थोरलीचं! तिला कोणी सांगितलंही नव्हतं की काडी मोडली आहे. थोरलीचा नवरा भोळा. तो म्हणाला, "मोठ्या हुशारीनं बसवली हं तिनं." थोरलीनं त्या दिवशी त्याला चहा दिला तो बिनसाखरेचा. त्यानं तो मुकाट्यानं प्यायला आणि तिला आणखी राग आला.

मग आलं नवं टेबल. नवा स्फटिक, नवे आरसे, धूळ बसू नये म्हणून वर झाकण असलेली पेटी. बावीस वर्षांत पहिल्यांदाच अशी जोडी आली होती की तळ गाठता येईल. थोरलीनं मनात सगळं ठरवून टाकलं होतं. अगदी टेबलाशी आपलं स्टूल कुठे ठेवायचं तेही. बाईंनी ते टेबल धाकटीला दिलं.

"तुमचं टेबल चालू आहे ताई, ते मी दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ?" बाई म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच थोरलीला त्यावर बोलता येईना. धाकटी अजून कच्च्या नोकरीत होती. ठरलं असं, की महिन्याभरात तिनं तळ गाठला तर टेबल कायमचं तिचं. नाही गाठला तर ती वस्तुभांडारात जाईल खोकी मोजायला, आणि टेबल थोरलीकडे येईल.

सोमवारी धाकटीनं नवे आरसे लावले. थोरली त्या वेळी शेजारच्या खोलीत काचेची भांडी धुवत होती. ती आधीच धुतलेली होती. गेले वर्षभर धाकटी आरसे लावायला बसली की थोरलीला दुसरं काहीतरी काम निघायचंच. तिच्यानं ते बघवत नसे. भिंतीपलीकडून टाळ्यांचा आवाज आला. मग कोणीतरी दारात डोकं घालून सांगितलं, "थोरल्या बाई, अकरा मिनिटं! अकरा मिनिटांत उजेड!"

"अस्सं?" थोरली म्हणाली आणि एक कोरडं भांडं पुन्हा नळाखाली धरलं.

संध्याकाळी घरी पोचली तर सासूबाई दारातच. "अगं, अकरा मिनिटांत म्हणे!" काय अकरा मिनिटांत, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अकरा मिनिटं शक्यच नाहीत. काहीतरी घाईत उरकलं असणार. प्रकाश मधोमध नसणारच.

मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत गेली, नव्या टेबलाच्या खोलीत शिरली आणि पेटीचं झाकण काढलं. या पेटीतही पापणी बसवलेली होती, ती मिटून तिनं भोकातून पाहिलं. प्रकाश मधोमध होता. तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. इतका मधोमध, की तिला स्वतःला वीस मिनिटांत जमतो त्याहून जास्त. तेवढ्यात बाहेर बाईंच्या चपला वाजल्या. "पापणी उघडली," असं सवयीनं पुटपुटत तिनं झाकण ठेवलं आणि मागच्या दारानं सटकली.

त्याच दिवशी मोजमाप सुरू झालं. खरखर तळाच्या तिप्पट आली.

थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जुन्या टेबलापेक्षाही वाईट! तोंडावर मात्र तिनं असा काही भाव आणला, की पाहणाऱ्याला वाटावं हिच्याच घरचं नुकसान झालंय. धाकटीनं आरसे पुसले. पुन्हा लावले, पुन्हा मोजलं. तिप्पटच. टेबलाखालचे रबराचे पाय बदलले, खोलीतला पंखा बंद केला, विजेच्या तारा बदलून पाहिल्या. तिप्पट. आठवडा उलटला तशी तिचं जेवण कमी झालं, दोरीवरचे कपडे विसरायला लागली, सासूबाईंनी दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू जाईना.

नवव्या दिवशी धाकटी कागद आणायला गेली असताना पेटी उघडी होती. थोरलीनं जाता जाता आत डोकावलं. स्फटिकाच्या मागे, सावलीत, पापणी मिटलेली होती.

तिला क्षणभर खरंच वाटेना. मग सगळं एकदम लख्ख झालं. मूर्ख मुलगी उघडायला विसरली! पहिल्याच दिवशी, त्या अकरा मिनिटांच्या घाईत! मंगळवारी आपण ती पापणी हाताळली होती हे तिला आठवत होतं, पण आपण ती परत उघडली याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बावीस वर्षांत ती एकदाही विसरली नव्हती. त्यानंतर धाकटीनं पुन्हा आरसे लावले असणार, पापणी मिटली असणार आणि उघडायची राहिली असणार. एक दांडी सरकवायचा अवकाश, की खरखर तळाशी जाऊन बसली असती. थोरलीनं हात पुढं केला नाही. ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली आणि तिनं त्या दिवशीचा आकडा नेहमीपेक्षाही सुंदर अक्षरात लिहिला.

मी तिची बाजू घेणार नाही. ती बारा दिवस गप्प राहिली. रोज सकाळी उठताना तिला वाटायचं, आज सांगून टाकावं. प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढेपर्यंत कोणीतरी अकरा मिनिटांची आठवण काढायचं आणि ते वाटणं विरून जायचं. एकदा सासूबाई म्हणाल्या, "तिला जरा मदत कर ना गं, पोरगी वाळत चाललीय." थोरली म्हणाली, "टेबल तिचं आहे, मी काय करणार?" आणि एकदा तर धाकटीनंच जिन्यात तिला अडवलं. तिचे डोळे आत गेले होते.

"ताई, माझं काही चुकत असेल तर सांगा ना. मला खरंच कळत नाहीये."

ही वेळ होती. थोरलीच्या जिभेवर आलंही होतं. पण धाकटीच्या हातात सासूबाईंनी वरून दिलेला गरम दुधाचा पेला होता. असा पेला थोरलीला उभ्या जन्मात कोणी जिन्यात आणून दिलेला नव्हता.

"आरसे पूस," थोरली म्हणाली आणि खाली निघून गेली.

एकविसाव्या दिवशी बाई खडूनं भरलेले हात घेऊन खोलीत आल्या. त्यांनी रात्रंदिवस हिशेब केला होता. "आरसे स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "आरशांमुळे एवढी खरखर येऊच शकत नाही. प्रकाश आरशांच्या मधे कुठेतरी कडेनं कातरला जातोय. असा कातरला गेला की आगंतुकांचा त्रास वाया गेलेल्या प्रकाशाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वाढतो. पेटीत बघा, काहीतरी आडवं येतंय."

धाकटीनं झाकण काढलं आणि विजेरी घेऊन आत वाकली. थोरली पाठीमागे हाताची घडी घालून उभी होती. विजेरीचा उजेड स्फटिकावरून सरकत मागे गेला आणि थांबला. धाकटी बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिनं मान वळवून एकदाच थोरलीकडे पाहिलं, आणि बाईंना म्हणाली, "पापणी मिटलेली राहिलीय. माझ्याकडून."

तिनं दांडी सरकवली. पडद्यावरची खरखरीची रेघ खाली उतरली, उतरतच गेली, आणि तळाला अगदी टेकल्यासारखी थांबली. बाईंनी चष्मा डोक्यावरून ओढून डोळ्यांवर घेतला आणि त्या रेघेकडे पाहून लहान मुलीसारख्या हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला.

"पहिल्या दिवसाची चूक," त्या धाकटीला म्हणाल्या. "तीन आठवडे गेले. तुझं डोकं चांगलं आहे, पण हे टेबल विसरणाऱ्या माणसाच्या हाती मी देऊ शकत नाही. सोमवारी ताईंच्या ताब्यात दे."

धाकटीनं नोंदवहीत लिहिलं, की पापणी उघडायची राहिली, चूक माझी, आणि खाली सही केली. थोरलीनं ते वाचलं. किती दिवसांनी तिला चहा गोड लागला!

प्रयोगशाळेत रिवाज असा होता, की टेबल दुसऱ्याच्या ताब्यात देताना जुन्या माणसानं आरसे पूर्ण सुटे करून नव्या माणसासमोर पुन्हा लावून दाखवायचे. सोमवारी थोरलीला भांडी धुवायला जाता येईना. ती स्टूल ओढून बसली. खोलीत दोघीच होत्या. धाकटीनं दिवे घालवले.

तिनं स्फटिकात ऊर्जा भरली ती अगदी थोडी, लेझर पेटणार नाही इतकी. थोरलीला कळेना ही काय करतेय. अंधारात स्फटिक काजव्याच्या पोटासारखा मंद उजळला. तो आगंतुक प्रकाश होता, कोणी न बोलावता निघालेला, ज्याला बावीस वर्षं थोरली नुसती शापत आली होती. धाकटीनं टोकाला एक पांढरा कागद धरला. कागदावर दोन फिकट ठिपके पडले, एक सरळ आलेला, एक मागच्या आरशावरून परतून आलेला. स्क्रू हळूहळू फिरवत तिनं एक ठिपका दुसऱ्यावर नेऊन बसवला. मग दुसरा आरसा. थोरली तिच्या हाताकडे टक लावून बसली होती. आता हात पापणीकडे जाईल, मग जाईल. तो गेलाच नाही. ठिपके एक झाले, धाकटीनं ऊर्जा वाढवली, आणि कागदावर लालभडक बिंदू उमटला.

"पापणी?" थोरलीनं विचारलं.

"मला ती लागत नाही, ताई. तिच्याकडे माझं लक्षही जात नाही."

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं. त्या भोकातून माझी नजर नीट ठरायची नाही. मग मी या आगंतुकालाच धरून आरसे लावायला लागले. तुम्हाला दाखवणार होते, पण तुम्ही नेमक्या त्या वेळी कामात असायच्या."

"मग ती मिटली कोणी?"

धाकटी कागदाची कड बोटानं सरळ करत राहिली.

थोरलीला तो मंगळवार आठवला. चपलांचा आवाज, घाई, झाकणावर दोन्ही हात. दोन्ही. उघडली असं तोंड म्हणालं होतं, दांडीकडे हात गेलाच नव्हता.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"झाकण काढून आत पाहिलं तेव्हाच कळलं. ती पापणी तुमच्याशिवाय कोणी वापरतच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या वहीत बावीस वर्षांत खाडाखोड नाही, ताई. माझं काय, मी तर कालची आहे. मोजेन खोकी."

अशा वेळी माणसाला लाज वाटायला हवी. थोरलीला वाटलीही, पण मागाहून. आधी वाटला तो हेवा. इतका कडकडून हेवा तिला त्या अकरा मिनिटांचाही वाटला नव्हता. हात हिचा चांगला, डोकं हिचं चांगलं, सासूबाई हिच्या, दुधाचा पेला हिचा, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच! थोरलीनं बारा दिवस हिचं नुकसान बघत गप्प बसायचं, आणि हिनं एका क्षणात थोरलीचं नाव वाचवायचं, तेही असं सहज, कागद सरळ करता करता! जन्मभर हिच्या उपकाराखाली राहायचं? ते काही तिच्यानं होणार नव्हतं. ती तशीच उठली आणि बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, पापणीची चूक माझी आहे," ती म्हणाली. "ती चूक मला परत द्या."

बाईंना काही उमगेना. थोरलीनं सगळं सांगितलं, मंगळवारची सकाळ सांगितली, आणि नवव्या दिवशी पेटीत डोकावल्याचंही सांगितलं.

"म्हणजे बारा दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"बारा."

"आणि ती तिची चूक आहे असं समजून तुम्ही गप्प बसलात."

"हो."

"टेबल तर तुम्हाला मिळालंच होतं, ताई. मग आज का सांगताय?"

"मी गप्प बसले तर ती माझ्याहून मोठी ठरेल," थोरली म्हणाली. खोटं बोलायचं तिच्यात त्राणच उरलं नव्हतं.

बाईंनी नोंदवही पुढं सरकवली. धाकटीच्या सहीवर थोरलीनं रेघ मारली आणि शेजारी स्वतःची सही केली. रेघ वाकडी आली. टेबल धाकटीला मिळालं, नोकरी पक्की झाली. नव्या टेबलाच्या खोलीची किल्ली थोरलीकडून काढून घेतली. बाई रागावल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्या थोरलीशी कामापुरतंच बोलायच्या, आणि ते रागावण्याहून वाईट होतं.

धाकटी तिला बोळातच गाठायला आली. ती संतापली होती. थोरलीनं तिला संतापलेली कधी पाहिलीच नव्हती.

"कशाला गेलात तुम्ही? एवढी एक गोष्ट मी तुमच्यासाठी केली होती! घरात आल्यापासून तुम्ही मला कधी काही करूच दिलं नाहीत. काडी बसवली तर आठ दिवस बोलला नाहीत. मी काय करायचं तुमच्यासाठी, सांगा तरी!"

थोरली भिंतीला टेकली. एवढं सगळं हिच्या लक्षात आलं होतं तर.

"करायचंय ना काही?" ती म्हणाली. "मग तो आगंतुक कसा धरायचा, ते शिकव मला."

"आत्ता?"

"आत्ता."

टेबलाच्या डाव्या बाजूला शिकणाऱ्याचं स्टूल असतं. थोरली त्यावर जाऊन बसली आणि धाकटीनं दिवे घालवले. थोरलीला दोन्ही ठिपके एकावर एक आणायला पन्नास मिनिटं लागली. धाकटी म्हणाली, "छान, ताई," आणि ते छान तिला सुईसारखं टोचलं. दुसऱ्या दिवशी धाकटी किल्ली घेऊन आली, तर थोरली तिच्या आधीच बंद दाराशी येऊन उभी होती.